एकाच घरात दोन पाडवे: गुढी आणि बेसतुं वरस

गिरणाकाठची

नमस्कार मंडळी. इथे नुसतीच वाचत असते, आज धागा काढतेय.

१९ मार्च २०२६ला गुढीपाडवा आहे आणि गुढी उभारायची की नाही यावर आमच्या घरात गेला आठवडाभर बोलणं चाललंय. भांडण नाही, पण बोलणं संपतही नाही.

माझं माहेर चाळीसगाव तालुक्यात, शेतीवालं घर. सासर नंदुरबारचं, गुजराती. पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. घरात गुजराती, दुकानात मराठी आणि मिरची घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याशी अहिराणी, असं सगळं सरमिसळ. लग्नानंतर मी नंदुरबारलाच होते. दिवाळी झाली की बेसतुं वरस, म्हणजे त्यांचं नवीन वर्ष. पहाटे चारला उठायचं. अंधारातच गल्लीत 'सबरस, सबरस' अशी हाक येते, दारात जाऊन मीठ घ्यायचं. वर्षाची पहिली खरेदी मिठाची. मग आंघोळी, देव, थोरांच्या पाया पडणं, हातावर नवी नोट, आणि उजाडल्यापासून माणसंच माणसं. दिवसभर 'साल मुबारक'. टेबलावर घुघरा, मठिया, चोळाफळी, मुखवासाची ताटली. हे सगळं मला मनापासून आवडतं.

गुढीपाडव्याला मात्र आमच्या दारात गुढी नसायची. समोरच्यांची दिसायची. त्यांच्याकडून पुरणपोळ्या यायच्या, आमच्याकडून श्रीखंड जायचं. जमलं तर मी माहेरी जायचे, नाहीतर फोन.

आता नवऱ्याच्या कामामुळे आम्ही जळगावात आलोय, स्वतःचा फ्लॅट घेतलाय. सासूबाई पाडव्याच्या आधी राहायला येताहेत. मी म्हटलं, यंदा गुढी उभारू. नवरा म्हणाला, उभार की. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "कर बेटा, पण विचार करून कर. एकदा उभारलीस की दरवर्षी उभारावी लागेल. मध्येच मोडता यायची नाही."

दुसरा प्रश्न दिवाळीचा. नंदुरबारचं घर दुरुस्तीला काढायचंय, त्यामुळे यंदाचं बेसतुं वरस जळगावात. आजवर सासूबाई पुढे आणि मी मागे अशी पद्धत होती. आता गुडघ्यांमुळे त्यांना फार वेळ उभं राहवत नाही.

ज्यांच्या घरात अशी दोन-दोन नवीन वर्षं लागतात त्यांनी सांगा. दोन्ही पूर्ण करता का? आणि त्या 'मोडता येत नाही'चं काय करता?

सुरत_पॅसेंजर

ताई, आमचं अगदी उलटं. मूळ अमळनेरकडचे. वडील लूमवर कामाला आले तेव्हापासून आम्ही उधन्यात. सुरतेत खान्देशी माणूस शोधायला लागत नाही, हाक मारली की चार जण 'काय भो' म्हणून वळतात.

इथे पाडव्याची सुट्टी नसते. सकाळी लवकर गुढी उभारून मी कामावर जातो, संध्याकाळी सूर्य मावळायच्या आधी बायको उतरवते. माझ्या वाटणीला सकाळची आरती आणि रात्री थंडगार झालेली पुरणपोळी. दिवाळीत मात्र कारखाने बंद होतात ते लाभपाचमेपर्यंत (कार्तिक शुद्ध पंचमी) उघडत नाहीत. मग सगळं खान्देश ताप्ती लाईनच्या गाडीत. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव करत प्रत्येक जण आपापल्या गावी उतरतो. त्यामुळे आमच्या पोरांच्या डोक्यात नवीन वर्ष म्हणजे दिवाळीच. पाडवा म्हणजे बाबांनी काठी बांधून पळत सुटायचा दिवस.

गुढी उभारा हो. आमच्या मजल्यावरच्या गुजराती बाई दरवर्षी गुढीला नमस्कार करायला येतात आणि जाताना गाठीतला एक तुकडा हक्काने मोडून नेतात.

अहिराणी_भो

ताई, पाडवा ना बेसतुं वरस करत कसाले बसतस? आमना गावमा साल आखाजीलेच (अक्षय्य तृतीयेला) बदलस. सालदारनं साल आखाजीले फिटस, नवा सालदार आखाजीलेच लागस. शेतकरीनं खरं नवं साल तेच शे.

(आता मराठीत लिहितो, नाहीतर पुण्याची मंडळी अर्थ विचारत बसतील.)

आमच्याकडे गुढी उभारतात, पण घर भरतं ते आखाजीला. पाडव्याला कोणाची लेक माहेरी येत नाही. आखाजीला येते म्हणजे येतेच. निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी चालतात. पितरांची घागर भरतात, वर डांगर (खरबूज) ठेवतात. पितरांना आमरस-पुरणपोळीचा घास दिल्याशिवाय आमची आजी आंब्याला हात लावू द्यायची नाही. पुरुषमंडळी पत्ते कुटतात, त्याबद्दल न बोललेलं बरं.

आणि सालदाराचा, म्हणजे सालभराच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचा, हिशोब. वर्षभरात घेतलेली उचल, ठरलेलं धान्य, कपडे, सगळं आखाजीच्या आधी ओट्यावर बसून मिटवायचं. पटलं तर पुढचं साल, नाही पटलं तर रामराम. आता सालदारच मिळत नाहीत, ट्रॅक्टरवाला तासावर येतो. पण माझे वडील अजून उसने पैसे देताना 'पुढल्या आखाजीपर्यंत' असंच म्हणतात. बँकेलाही तसंच सांगून आले होते एकदा.

गिरणाकाठची

भो, आमच्या माहेरीही आखाजीच मोठी. म्हणजे मोजायला गेलं तर घरात तीन वर्षं झाली. धन्य.

घटका_पळे

थोडं पंचांगाचं सांगतो. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढच्या प्रतिसादावर जावं.

गुढीपाडव्याला शालिवाहन शकाचं वर्ष बदलतं. पाडव्यानंतर इसवी सनातून ७८ वजा केले की शक मिळतो. म्हणजे १९ मार्चला शके १९४८ लागेल, संवत्सराचं नाव 'पराभव'. नाव ऐकून घाबरू नका, साठ नावांचं चक्र आहे, ज्याची पाळी आली ते नाव येतं.

सासूबाईंचा विक्रम संवत. तो राजस्थानात आणि उत्तरेत चैत्रात बदलतो, गुजरातेत कार्तिकात. त्यामुळे १९ तारखेला तुमच्या मारवाडी शेजाऱ्यांकडे संवत २०८३ लागेल आणि सासूबाईंकडे दिवाळीपर्यंत २०८२च राहील. संवत एकच, आकड्यात एकाचा फरक. जैन घरांतला वीर निर्वाण संवतही कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बदलतो, सध्या २५५२ चालू आहे.

आता महत्त्वाचं. महाराष्ट्र आणि गुजरात दोन्हीकडे महिना अमावास्येला संपतो. म्हणजे ताई, तुमचं आणि सासूबाईंचं कॅलेंडर मुळात एकच आहे. महिने तेच, तिथ्या त्याच, वर्षाचा पहिला महिना फक्त वेगळा. मारवाडी घरात महिना पौर्णिमेला संपतो. आपण होळीनंतरच्या पंधरवड्याला फाल्गुन वद्य म्हणतो, त्यांच्याकडे तो चैत्र वद असतो. खरी दोन कॅलेंडरं मराठी-मारवाडी घरात सापडतील.

आणि बेसतुं वरस म्हणजे आपला दिवाळी पाडवाच, बलिप्रतिपदा. म्हणजे गंमत बघा, या धाग्यात आलेली तिन्ही नवीन वर्षं, गुढीपाडवा, आखाजी आणि दिवाळी पाडवा, साडेतीन मुहूर्तांतलीच आहेत. दसरा तेवढा राहिला.

बेसतुं वरसची तारीख गुजराती पंचांगातूनच बघा. गेल्या वर्षी बऱ्याच गुजराती घरांत दिवाळी २० ऑक्टोबरला झाली, आपल्याकडे लक्ष्मीपूजन २१ला, पण नवीन वर्ष दोघांचंही २२लाच. मधला २१चा दिवस त्यांच्याकडे रिकामा, त्याला 'धोको' म्हणतात. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे सगळं पुढे सरकून दिवाळी नोव्हेंबरात येईल.

सरकारचं आणखी वेगळं. २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू आहे, मेघनाद साहांच्या समितीने सुचवलेली. तिचा १ चैत्र २२ मार्चला, लीप वर्षी २१ला. तिची गुढी कोणी उभारत नाही.

बाकी तुमचं माहेर चाळीसगाव तालुक्यातलं, म्हणजे पाटणादेवीला गेलाच असाल. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे मठ काढला, त्याचा शिलालेख पाटणला आहे. भास्कराचार्यांनी स्वतःचं जन्मवर्ष शके १०३६ असं लिहून ठेवलंय. हे गणित ज्या मातीत शिकवलं गेलं तिथल्या लेकीने गुढीला घाबरायचं कारण नाही.

कापूसकोंड्या

भाऊ, ताईंनी गुढीचं विचारलंय, तलाठी भरतीची तयारी नाही चाललेली.

घटका_पळे

म्हणूनच वर आधीच इशारा दिला होता.

दाणाबाजार

घटका_पळे बरोबर बोलताहेत, आम्ही ती दोन कॅलेंडरंवाली माणसं. मारवाडी, जळगावात आजोबांच्याही आधीपासून. शेजारी सगळे मराठी, त्यामुळे आमच्या आईने पूर्वीच गुढी उभारायला सुरुवात केली. कोणाला विचारलं वगैरे नाही. शेजारच्या काकूंनी काठी धरली, आईने गडू बसवला, झालं.

आमच्याकडे होळीच्या दुसऱ्या दिवसापासून गणगौर पुजतात आणि चैत्र शुद्ध तृतीयेला बोळवण करतात. त्याच तृतीयेला मराठी घरांत चैत्रगौर बसते. आईची सकाळ आमच्या गौरीला निरोप देण्यात आणि संध्याकाळ शेजारच्या हळदीकुंकवाला, कैरीची डाळ आणि पन्हं. एक गौर गेली की दुसरी आली, मधे एक दिवस मोकळा नाही.

वह्यांचं सांगायचं तर दिवाळीला लाल वही पुजतो, स्वस्तिक काढतो, 'शुभ लाभ' लिहितो. पण १९८९ पासून आयकराला सगळ्यांचं वर्ष ३१ मार्चलाच संपवावं लागतं. त्याआधी दिवाळी ते दिवाळी हिशोब ठेवता यायचा, तेव्हा पुजलेल्या वहीत दुसऱ्या दिवसापासून खरोखर लिहायचे. आता ती वही पूजेपुरती, पहिल्या पानावर कुंकू आणि बाकीची कोरी. खरा हिशोब कॉम्प्युटरमध्ये, आणि मार्चअखेर आली की सी.ए. सांगेल ते नवीन वर्ष. गुढीपाडवाही नेमका याच गडबडीत येतो. दुकानात कोणाला पोळी खायला वेळ नसतो.

खापरावरची

सगळे तारखा सांगताहेत, कामाचं कोणी बोलत नाहीये.

माझं माहेर यावलकडचं, लेवा. सासर तेलुगू. सासऱ्यांची नोकरी रेल्वेत, म्हणून सगळे भुसावळला राहिले ते राहिलेच. आमचं नवीन वर्ष एकाच दिवशी. पाडवा तोच उगादी, शकसुद्धा तोच. तुम्हाला वाटेल काय नशीबवान. तर ऐका. सकाळी गुढी. त्याच वेळी सासूबाईंची पच्चडी: चिंच, गूळ, कैरी, कडुनिंबाची फुलं, मीठ, मिरची, सहा चवी, आणि ती देवापुढे गेल्याशिवाय कोणी काही खायचं नाही. आमच्या घरी पुरणपोळी आणि रशी. त्यांच्याकडे बोब्बट्लू. ती पुरणपोळीच, पण आमची खापरावरची मोठी आणि त्यांची तव्यावरची छोटी, दोन्ही व्हायला हव्यात. पुन्हा चिंचेचा भात. आणि दोन्हीकडचे पाहुणे एकाच दिवशी, कारण सण एकाच दिवशी.

दिवस वेगळे असोत की एक, राबणारं माणूस तेच. गिरणाकाठची ताई, तू गुढी उभारू का विचारतेस, पण तुझी खरी काळजी दिवाळीची आहे असं मला वाटतं. फराळ तुझा, घुघरा-मठिया तुझं, पहाटे चारला उठणं तुझं, पाडव्याचं औक्षण तुझं, दुसऱ्या दिवशी भाऊबीज तुझी. आधी कागदावर नावं लिही. कोण काय करणार ते. नवऱ्याचं नाव किती वेळा येतं ते मोज आणि मग आम्हाला सांग.

जुनं_खोड

सणाला कामाचा हिशोब लावला तर सण उरतो का? आमच्या आईने कधी मोजलं नाही.

खापरावरची

काका, दिवाळीला वही कोण पुजतं? सण आणि हिशोब एकत्र तुम्हीच आणलेत.

आणि आईंनी मोजलं नाही असं नाही. मोजून कोणाला सांगायचं, हा प्रश्न होता.

जुनं_खोड

बरं, उत्तर आवडलं. नाराज नाही.

आता मुद्द्याचं बोलतो, कारण या बाबतीत माझे केस पिकलेत. ताई, सासूबाई म्हणतात ते 'मोडता येत नाही' कुळाचाराला लागू आहे. खान्देशात कानबाई बसवता, नवरात्राचा घट बसवता, खंडोबाची तळी भरता, ते एकदा घेतलं की घरात पिढ्या चालतं, आणि काही कारणाने चुकलं तर माणसं रुखरुखतात. गुढी तशी नाही. सुतक आलं, गावाला गेलात, आजारी पडलात, राहू द्या, पुढच्या वर्षी उभारा. अडचण एकच: सणाच्या दिवशीच घरात कोणी गेलं तर तो सण त्या घराला बंद पडतो. पुढे त्याच दिवशी घरात मूल जन्मलं किंवा गोठ्यात वासरू झालं तर सुरू होतो. असं आमच्या गावात कित्येक घरांत आहे. एका घराला पोळा नाही, एकाला राखी नाही. पण ते नशिबाचं. सुरू करणाऱ्याच्या हातचं नाही.

सासूबाईंना सांगा, एका म्हाताऱ्याने जबाबदारी घेतली आहे.

पोहे_विथ_चहा

गुढीला साखरेचे हार-कंगन चालतात का? होळीचे उरलेत घरात, मुंग्या लागायच्या आधी विचारते.

जुनं_खोड

साखर तीच. पण पोरांनी कडेने चाखलेले नकोत.

सिंधी_कॉलनी

आमचं सिंधी नवीन वर्ष, चेटीचंड, साधारण पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी येतं, चंद्र दिसण्याचा दिवस. फाळणीनंतर जळगावात आलेली आमची घरं. बहराणा साहेबची मिरवणूक, झुलेलालचा जयजयकार, ताहिरी आणि साई भाजी. माझी बायको मराठी आहे. एरवी पाडवा तिचा, दुसरा दिवस माझा, वाद नाही. गेल्या वर्षी दोन्ही ३० मार्चलाच आले. सकाळी बाल्कनीत गुढी, संध्याकाळी मी मिरवणुकीत आणि ती घरी गुढी उतरवतेय. फोनवर म्हणाली, "माझं नवीन वर्ष मी एकटीनेच उतरवलं." तेव्हापासून ठरलं की तारीख एक आली तर आधी गुढी दोघांनी उतरवायची, मग मिरवणूक.

तापी_थडी

मी बोहरा शेजारात वाढले. त्यांचं नवीन वर्ष मोहरमला. हिजरी वर्ष आपल्या वर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान आणि अधिक महिना नाही, म्हणून ते दरवर्षी मागे सरकतं, कधी पावसाळ्यात, कधी उन्हाळ्यात. आदल्या रात्री मोठ्या थाळाभोवती सगळं घर बसतं, थाळ पदार्थांनी भरलेला, आणि जेवणाची सुरुवात चिमूटभर मिठाने. मिठाने सुरुवात रोजच करतात ते, पण त्या रात्री थाळ बघण्यासारखा असतो. वरचं सबरस वाचून ते आठवलं.

सुरत_पॅसेंजर

मीठ विकणारा पहाटे येतो ना ताई, त्याला लोक भाव विचारत नाहीत. दहाची नोट देतात, वीसची देतात. वर्षातला तेवढा एकच सौदा बिनघासाघिशीचा.

कापूसकोंड्या

सुरतेत? बिनघासाघिशीचा? पटत नाही.

घटका_पळे

गुढीची वेळ विचारणाऱ्यांसाठी: १९ तारखेला सूर्योदयाला अजून अमावास्या आहे. सात वाजायच्या थोडं आधी ती संपते आणि प्रतिपदा लागते. सातनंतर निवांत उभारा. आणि दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापूर्वीच प्रतिपदा संपते, म्हणून 'उद्या करू' चालणार नाही.

खापरावरची

पंचांगानेच उशिरा उठायची परवानगी दिली असं हे एकच वर्ष आठवतंय.

गिरणाकाठची

मंडळी, झाला पाडवा. सगळ्यांना नवीन वर्षाच्या शुभेच्छा. सविस्तर लिहिते.

सासूबाई दोन दिवस आधी आल्या. मी त्यांना जुनं_खोड काकांचा प्रतिसाद वाचून दाखवला. पोळा नसलेल्या घराची गोष्ट त्यांना पटली, त्यांच्या माहेरीही असं एक घर होतं म्हणे. मग म्हणाल्या, "मोडायचं मी त्यासाठी म्हणत नव्हते. तू पाडव्याला माहेरी जातेस. गुढी उभारून तू चाळीसगावला निघून जाशील आणि संध्याकाळी ती उतरवायची मला. मला बांबू झेपत नाही." खापरावरची, तू बरोबर होतीस. कुळाचार नव्हता, बांबू होता.

मग ठरलं. उभारायची नवऱ्याने, उतरवायची नवऱ्याने. मी गाठी, फुलं, नैवेद्य. सासूबाईंनी खुर्चीत बसून देखरेख करायची, जी त्यांनी फार मन लावून केली. तांब्या उपडा घातला तेव्हा त्या एकदम "अरे अरे" करून उठल्या. उपडं भांडं दारात, आणि तेही वर्षाच्या पहिल्या दिवशी! नंदुरबारला समोरची गुढी इतकी वर्षं बघितली होती, पण साडी आणि हारातून आत काय आहे ते कधी नीट पाहिलंच नव्हतं. शेवटी आईने फोनवरून समजावलं. दोघी अर्धा तास बोलल्या, त्यातली पाच मिनिटं तांब्यावर आणि बाकीची गुडघ्यांवर.

कडुनिंबाचा आमच्याकडे वादच झाला नाही. मी पाला, गूळ, ओवा वाटून ठेवला, तर त्या म्हणाल्या आम्हीही चैत्रात लिमडाचा रस घेतो, फक्त एक दिवस नाही, बरेच दिवस. त्यांनी माझ्यापेक्षा जास्त खाल्लं. नवऱ्याने दोन्ही परंपरांतून सुटका मिळते का ते पाहिलं. नाही मिळाली.

आता दिवाळीचं. पाडवा पार पडल्यावर संध्याकाळी त्या सहज म्हणाल्या, "गुढीला एक काठी आणि एक खिडकी लागते. आपल्या बेसतां वरसला माणसं लागतात. इथे कोण येणार?" मला उत्तर सुचलं नाही. मी कामाची काळजी करत होते, त्या माणसांची. नंदुरबारला अख्खी गल्ली येते, दार बंदच होत नाही. इथे मजल्यावर चार दारं, त्यातलं एक कायम बंद, आणि दिवाळी पाडव्याला बाकीचे आपापल्या गावी गेलेले. सबरसवाला तर येणारच नाही.

यावर काय करता येईल ते सांगा. नवऱ्याचं नाव कागदावर आलंय, पाच वेळा. मोजून घेतलं.

दाणाबाजार

ताई, आमच्या गल्लीत दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे घरीच असतो, वीर निर्वाण संवताचा पहिला दिवस. सकाळी देरासरला (जैन मंदिरात) जाऊन आलो की घरोघर जातो. काकूंना आमच्याकडे घेऊन या. जळगावात गुजराती घरं कमी नाहीत, आमच्याच ओळखीची बरीच आहेत. त्यांच्याकडे घेऊन जायची जबाबदारी आमच्या आईची. तिला निमित्तच हवं असतं.

सिंधी_कॉलनी

आणि तुमच्याकडे यायला आम्ही आहोत. 'साल मुबारक' म्हणता येतं, मठियाही खाता येतात. पत्ता धाग्यात टाकू नका, निरोप पाठवा.

जुनं_खोड

मजल्यावरच्यांना दिवाळीआधीच सांगून ठेवा, गावाहून परत आल्यावर या म्हणून. लाभपाचमेपर्यंत शुभेच्छा चालतात ना? मग एकाच दिवसात सगळं बसवायचा हट्ट कशाला? पाच दिवसांत माणसं येतील आणि खुर्चीत बसून काकूंचे गुडघेही टिकतील.

अहिराणी_भो

तधळ लगून आखाजी येस. काकूसले आमना गावले लई या. माणसं पाह्यजेत ना? आमनाकडे आखाजीले माणसंच माणसं. आमरसना हंडा उतरस. बस, पत्ता खेळाले बसाडू नका त्यासले, गुजराती माणूस, आमनं काही उरावं नही.

खापरावरची

भो, तुम्हीच हरणार हे आधी मान्य केलंत, आवडलं.

ताई, पाच वेळा ठीक आहे, पण मठिया कोण लाटणार त्यात आहे का?

गिरणाकाठची

तिथेच अडलंय. सासूबाई म्हणतात पीठ मुसळीने कुटल्याशिवाय मठिया फुलत नाहीत, आणि फ्लॅटमध्ये कुटायला लागलो तर खालचे वर येतील.

सुरत_पॅसेंजर

कुटू नका, लाटू नका. सुरतेत मटकीच्या आणि उडदाच्या पिठाच्या लाटलेल्या कच्च्या मठिया पाकिटात मिळतात, घरी फक्त तळायच्या. अर्धी सुरत तेच करते आणि घरच्या म्हणून सांगते. दिवाळीला गावी येताना जळगावपर्यंत तिकीट काढतो आणि देऊन जातो. तेल चांगलं तापवा, एक-एक सोडा, रंग बदलायच्या आत काढा. तळण्यासमोर नवऱ्याचं नाव लिहा, म्हणजे सहा होतील.

मीठही आणू का? सुरतेचं सबरस जळगावात चालतं का ते काकूंना विचारून ठेवा.

गिरणाकाठची

विचारलं. म्हणाल्या मीठ चालेल, पण हाक त्यानेच मारायची, पहाटे चारला, आमच्या मजल्यावर.

सुरत_पॅसेंजर

चार वाजता आमची गाडी अजून दोंडाईच्यातच असते. साडेसात चालतील का?